मावशीचे हात

वर्गात तिला मावशी म्हणायला सुरुवात कोणी केली, यावर पोरांमध्ये आजही एकमत नाही. पण पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं आणि असं घट्ट बसलं, की हजेरी घेताना एकदा सरांच्या तोंडूनही मावशीच निघालं. बाकीची सगळी नुकती मिसरूड फुटलेली नाहीतर दोन वेण्यांतून नुकती सुटलेली. ही बत्तीस वर्षांची. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, आणि पंजे असे, की पहिल्या दिवशी ओळख म्हणून तिच्याशी हात मिळवणारा एक पोरगा दुपारपर्यंत बोटं झटकत फिरत होता.

ते हात बेकरीचे होते. बापाची बेकरी, बापामागे भावाची. कळायला लागल्यापासून तिने कणकेचे गोळे हाणले, भट्टीत ट्रे सारले, मैद्याची पोती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. घरात एकच शिकवण होती, हातावर हात ठेवून बसायचं नाही. ती कधी बसलीही नाही. मग आईला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू पार लुळी पडली आणि त्या हातांना आणखी एक काम मिळालं. आईला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, तोंड पुसायचं, केस विंचरायचे. आईने नुसती मान हलवली तरी हिला कळायचं की पाणी हवंय. अख्खा मोहल्ला म्हणायचा, लेक असावी तर अशी.

त्या दिवसांत एक फिजिओथेरपिस्ट बाई थोडे दिवस घरी येऊन गेल्या. त्यांनी आईच्या त्या मेल्यासारख्या हातावर कुठेतरी बोट दाबलं, काहीतरी बोलल्या, वाट पाहिली, आणि करंगळी हलली. एवढीशीच. पण मावशी बघतच राहिली. भट्टीतून पहिला पाव फुगून आलेला बघताना ती लहानपणी अशीच बघत राहायची. बाई निघाल्या तेव्हा त्यांची पिशवी दारापर्यंत पोचवत तिने विचारलं, “हे शिकता येतं?”

“येतं की. पण अभ्यास खूप असतो.”

“अभ्यासाला मी घाबरत नाही. अभ्यासच मला घाबरून असतो.”

बारावी मागेच झाली होती, पुस्तकं मात्र वहिनीने भंगारात द्यायला काढलेल्या गठ्ठ्यातून परत ओढून घ्यावी लागली. प्रवेशपरीक्षेत एकदा आपटली, दुसऱ्यांदा बसली. भाऊ म्हणाला, “आता शिकून काय करणार? पावांना मालिश?”

वहिनी मात्र चुलीसमोरून न उठता म्हणाली, “जाऊ दे तिला. आईंचं मी बघते.” मग नणंदेकडे वळून, “पण परत येशील तेव्हा मलाही दोन गोष्टी शिकव. नुसतं शहाणपण घेऊन येऊ नकोस.”

अशी ती या कॉलेजच्या वसतिगृहात येऊन पडली. खोली दोघींची. दुसरी म्हणजे एक किडकिडीत पोरगी, तिला सगळे चिमणी म्हणत. खोलीत दोन खाटा, एक खिडकी, आणि चिमणीच्या खाटेखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात वरच्या वर्गाकडून वारशाने आलेली हाडं. पहिल्या रात्री चिमणीला त्या खोक्यामुळे झोप येईना. मावशीने खोकं उचलून स्वतःच्या खाटेखाली सरकवलं आणि म्हणाली, “झोप आता. बिचाऱ्यात उठायची ताकद असती, तर आपली गरज कशाला पडली असती?”

फिजिओथेरपीचं शिक्षण पुस्तकात कमी आणि एकमेकांच्या अंगावर जास्त होतं. कातडीखालचं हाड कुठून कुठपर्यंत जातं, ते पेनने एकमेकांच्या पाठीवर काढायचं. हिरवी शाई स्नायूंची, निळी हाडांची. आंघोळीला गेलं तरी खांद्याचा नकाशा दोन दिवस निघायचा नाही. या कामात मावशीच्या जवळपास कोणी नव्हतं. पोरं पुस्तकातलं चित्र बघून हाड शोधायची, ती डोळे मिटून. चिमणीच्या पाठीवर बोटं फिरवत म्हणायची, “हे बघ, इथं तुझ्या खांद्याचं पातं संपलं. आणि हा स्नायू आखडलाय, तू पालथी झोपून वाचतेस.” चिमणी खरंच पालथी झोपून वाचायची.

त्याच बोटांनी ती चिमणीचे एप्रन इस्त्री करायची, तिची पाण्याची बाटली भरून ठेवायची, तिचे मोजे जोडीने गुंडाळून उशाला ठेवायची. चिमणीला आधी बरं वाटलं, मग सवय झाली. मावशी सुट्टीत चार दिवस घरी गेली, तेव्हा चिमणी एका पायात आपली आणि एका पायात शेजारणीची चप्पल घालून वर्गात आली. सगळे हसले. मावशीही परत आल्यावर हसली. त्यात शिकण्यासारखं काही होतं, हे तेव्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

ध्यानात यायला तिसरं वर्ष उजाडलं.

मेंदूचे आजार शिकवायला विभागप्रमुख बाई स्वतः येत. त्यांचा आवाज असा चिरत जायचा, की पोरांनी त्यांचं नाव करवत ठेवलं होतं. एका सकाळी करवत बाई अर्धांगवायू शिकवत होत्या. फळ्यावर मेंदू काढलेला, खडू हातात. “झटक्यानंतर अवयव नुसता लुळा पडत नाही. तो वापरला नाही तर मेंदू त्याला विसरायला लागतो. आणि घरची माणसं प्रेमाने काय करतात? सगळं स्वतः करतात. पेशंटला काही करूच देत नाहीत. चांगला असलेला हातही मग बसून खायला शिकतो.”

पोरांनी लिहून घेतलं. मावशीचं पेन थांबलं. तास संपल्यावर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. चिमणी शोधत आली तर ती आपल्या दोन पंजांकडे बघत होती, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

“काय झालं, मावशी?”

“काही नाही. आईला मी घास भरवायचे ना, तेव्हा तिचा उजवा हात चांगला होता. अगदी चांगला.” एवढंच बोलून ती उठली आणि पुढच्या तासाला गेली.

आता कोणी म्हणेल, कळलं ना, मग सुधारणार. पण डोक्याला कळलेलं हाताला कळायला वेळ लागतो. वर्षअखेरच्या प्रात्यक्षिकात तिला एक म्हातारी आली. काम सोपं, आजीबाईंना झोपल्या जागेवरून उठून बसायला शिकवायचं. कसं शिकवायचं ते मावशीला मुखोद्गत होतं. आधी कूस, मग पाय खाली, मग कोपरावर भार. तिने आजींना कुशीवर वळायला सांगितलं. आजी कण्हल्या. झालं. मावशीचा एक हात मानेखाली गेला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि भट्टीतून ट्रे काढावा तशी तिने म्हातारी एका झटक्यात उचलून काठावर बसवली. पाठीशी उशी लावली. वर केसही सारखे केले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. “पेशंट छान बसलाय. बसवलं कोणी?”

“मी,” मावशी आनंदाने म्हणाली. आणि तो शब्द तोंडातून सुटतानाच तिला कळलं.

नापास. सबंध वर्गात त्या विषयात ती एकटी. आजींनी मात्र जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तोच हात स्वतःला उठायला वापरला असता तर दोघी पास झाल्या असत्या, असं पोरं पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिली.

करवत बाईंनी तिला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

“वय किती तुझं?”

“पस्तीस.”

“मग गोड बोलत नाही. फेरपरीक्षा एकदाच मिळेल. यात गेलीस तर वर्ष गेलं, आणि तुझ्या वयाला गेलेलं वर्ष मागून परत येत नाही. वॉर्डात एक घड्याळदुरुस्तीवाले आहेत, डाव्या बाजूला झटका आलाय. ते आजपासून तुझे. परीक्षेच्या दिवशी ते साध्या खुर्चीतून स्वतः उठून उभे राहिले पाहिजेत. तुझा हात लागला, की पुढच्या वर्षी भेटू.”

“हात खिशात ठेवू का, मॅडम?”

“खिशात ठेवलेस तर माणूस पडेल. हात जवळच पाहिजेत, पण लागायला नकोत. पडायला लागला तर धरायचं, उठायला लागला तर धरायचं नाही. या दोन्हींतला फरक ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी तू फिजिओथेरपिस्ट.”

घड्याळवाले काका म्हणजे सुक्या लाकडासारखा चिवट माणूस. जन्म गेला डोळ्याला भिंग लावून, त्यामुळे एक डोळा अजूनही अर्धा मिटलेला. मावशीला बघून म्हणाले, “तुम्ही दुरुस्त करणार होय? मी आपला घड्याळ बंद पडलं की मागचं झाकण उघडून बघायचो. इथं ती सोय नाही.” त्यांना एकच हवं होतं, दुकानातल्या आपल्या स्टुलावर परत बसायचं. भाच्याने दुकान उघडं ठेवलं होतं, पण त्याच्या हाताखाली घड्याळं बरी होण्याऐवजी दगावतात, असं काकांचं मत होतं.

काकांच्या शेजारी काकू. त्यांनी नवऱ्याचं सगळंच आपल्या हातात घेतलेलं. काकांनी टेबलाकडे नुसतं बघितलं की पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लागलेला असायचा. काका खाकरले की रुमाल पुढे. काका हसले तरी काकू गाल पुसायच्या. पहिल्या दिवशी मावशीने काकांना जागेवरच पुढे वाकायला सांगितलं. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत आलं पाहिजे, तेव्हा कुठे भार पायांवर येतो. काका वाकले मात्र, काकूंनी खांदे धरले. आणि दुसऱ्या बाजूने मावशीने काख धरली.

काकांनी आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. “मी कुठं पळून चाललोय का?”

मावशीने हात काढून घेतला. समोर काकू होत्या, खांदे अजून घट्ट धरलेल्या, कपाळाला घाम. आरशात बघावं तसं तिला झालं.

दुपारी ती काकूंना व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन बसली.

“काकू, तुम्ही जरा कमी करायला पाहिजे.”

“काय कमी करायला पाहिजे?”

“त्यांचं सगळं करणं.”

काकूंचा चेहरा उतरला. “नवऱ्याचं केलं तर पाप केलं का?”

“पाप कसलं. मीही केलं आईचं, सात वर्षं. तिला ताटातला घास उचलू दिला नाही. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं.” मावशी काकूंकडे वळली. “माझी आई अजून खाटेवर आहे, काकू.”

काकूंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, “पण हात राहत नाहीत ग. मनात येण्याआधीच जातात.”

“माझे तरी कुठे राहतात? मी तर परीक्षेत नापास झाले त्यांच्यापायी.”

यावर काकू हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. “मग तू मला काय शिकवणार, कपाळ?”

“शिकवत नाही. बरोबरीने शिकू.”

दुसऱ्या दिवशीपासून वॉर्डात एक तमाशा सुरू झाला. काका खाटेवर ताठ बसलेले, समोर दोन स्टुलं, आणि त्यांवर दोन बायका आपापले हात मांडीखाली दाबून बसलेल्या. काका पुढे वाकायचे, मागे यायचे, पुन्हा वाकायचे. पेला हाताच्या अंतरावर ठेवलेला. मागितला तरी कोणी द्यायचं नाही.

“दोघींना शाळेत शिक्षा झालीय का?” काका म्हणाले.

“हो. तुम्ही उठलात की सुटणार,” मावशी म्हणाली.

“आणि नाही उठलो तर?”

“तर आमच्या हातांना मुंग्या येतील. तुमच्यापायी.”

काकांनी पेला उजव्या हाताने उचलला, दोन घोट घेतले आणि बायकोकडे बघून म्हणाले, “पाणी थंड असतं होय? तू पाजायचीस तेव्हा घशाला कळायच्या आत संपायचं.” काकूंचे खांदे हलले, हात मात्र मांडीखालीच राहिले.

काम हळूहळू पुढे सरकलं. आधी उंच खाटेवरून उठणं, मग खालची खुर्ची, पण तिच्या पायांखाली लाकडी ठोकळे. काका एका उंचीला रुळले की चार दिवसांनी मावशी ठोकळ्यांचा एकेक थर काढून घ्यायची, तो काढल्याचं काकांना सांगायची नाही. उठायच्या वेळी आता ती त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहायची, गुडघ्याजवळ गुडघा, कमरेजवळ पंजे, मध्ये बोटभर हवा. ती बोटभर हवा राखणं मैद्याच्या पोत्यापेक्षा जड होतं. संध्याकाळी खोलीवर आली की खांदे भरून यायचे. उचलल्याने नव्हे, न उचलल्याने.

सराव तिने चिमणीवरही चालवला. एका सकाळी चिमणी मोजे शोधत खोलीभर फिरत होती.

“मावशी, मोजे कुठंयत?”

“असतील.”

“म्हणजे, तुला माहितीय का?”

“माहितीय.”

“मग सांग ना.”

“मी परीक्षेचा अभ्यास करतेय,” मावशी म्हणाली आणि मोज्यांवरच बसून राहिली. चिमणीला ते सापडले तेव्हा तिने मावशीला जे ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्या दिवसापासून तिचे मोजे तिला सापडायला लागले.

परीक्षेच्या सकाळी हॉलच्या मध्यभागी खुर्ची होती. साधी, चार पायांची, खाली एकही ठोकळा नाही. परीक्षक तेच, आणि शेजारी करवत बाई. काकूंना मागे भिंतीलगत बसू दिलं होतं. मावशीने काकांना बाहेर घेऊन येताना एवढंच विचारलं होतं, “भीती वाटतेय?”

“मला कशाला? नापास तू होणार.”

काका खुर्चीच्या कडेला सरकून बसले. पाय मागे घेतले. मावशी डाव्या अंगाला उभी राहिली, पंजे कमरेजवळ, मध्ये बोटभर हवा. “नाक पायाच्या बोटांवर,” ती हळू म्हणाली. काका वाकले, बूड सुटलं, आणि धप्पकन परत खुर्चीत बसले. मावशीचे पंजे जागचे हलले नाहीत. परीक्षकांनी काहीतरी टिपलं.

“धर की ग थोडं,” काका दातांमधून म्हणाले.

“मी इथंच आहे.”

“इथं आहेस ते दिसतंय. धर म्हणतो.”

“एकदा परत. पाय अजून मागे घ्या.”

काकांनी शिवीसारखं काहीतरी पुटपुटलं, पाय मागे घेतले आणि वाकले. बूड सुटलं. अर्ध्यावर आले आणि डावा गुडघा लटपटायला लागला, वाऱ्यावरच्या पत्र्यासारखा. मागे भिंतीशी काकूंचा श्वास अडकलेला मावशीला ऐकू आला. तिचे पंजे निघाले. बोटांना काकांच्या सदऱ्याची ऊब लागेल इतके जवळ गेले. आणि तिथं तिने बघितलं, गुडघ्याकडे नाही, कमरेकडे. गुडघा थरथरत होता, पण कंबर अजून पुढे आणि वर सरकत होती. केसभर, पण वरच. हा माणूस पडत नव्हता. हा उठत होता.

पंजे तिथंच थांबले.

काका वर आले. आधी कंबर सरळ झाली, मग पाठ, मग मान. ते उभे राहिले, डुलत, उजवा हात थोडा पसरून, आणि अर्धा मिटलेला डोळा पूर्ण उघडून त्यांनी हॉलभर बघितलं. उभ्याने जग वेगळं दिसतं, हे ते विसरूनच गेले होते. त्यांच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूने आत मुडपलेली होती. मावशीच्या बोटांच्या टोकांना ती कॉलर टोचत होती. ती नुसती बघत राहिली. थोड्या वेळाने काकांना स्वतःलाच ते जाणवलं, त्यांनी उजवा हात वर नेला आणि कॉलर बाहेर काढली.

काका बसले, तेही सावकाश, आपले आपण. परीक्षकांनी चष्मा काढला. या वेळी काही विचारलं नाही. विचारलं ते करवत बाईंनी.

“कॉलर दिसली होती ना?”

“दिसली होती, मॅडम.”

“हं,” बाई म्हणाल्या, आणि कागदावर सही करताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरत गेला नाही. मागे काकू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी गालावरून खाली उतरत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. काका खुर्चीतून म्हणाले, “सोडा आता त्यांना. शिक्षा संपली.”

निकाल लागला त्याच आठवड्यात मावशी घरी गेली. बेकरीच्या दारात भाऊ म्हणाला, “पास झालीस म्हणे. काय केलंस परीक्षेत?”

“काही नाही केलं,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

आत आई खाटेवर तक्क्याला टेकून बसली होती. वहिनी पाण्याचा पेला घेऊन निघाली होती, तो मावशीने तिच्या हातातून घेतला आणि खाटेच्या कडेच्या स्टुलावर ठेवला. आईच्या उजव्या हातापासून वीतभर. मग समोर बसली आणि हात मांडीखाली घातले. वहिनीलाही डोळ्यांनीच शेजारी बसायला खुणावलं. वहिनी काही न कळताच बसली, आणि नणंदेचं बघून तिनेही हात मांडीखाली घातले.

आईने मान हलवली. वर्षानुवर्षं पुरेशी असलेली तीच खूण. कोणी उठलं नाही.

“पाणी,” आई म्हणाली. झटक्यानंतर तिचे शब्द जड आणि थोडके झाले होते.

“आहे की तिथं.”

आईने पेल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. “शिकून आंधळी झालीस?”

“दिसतंय मला. तू घे.”

आईने अशी नजर टाकली, की एके काळी मावशी भट्टीसमोरून उठून पळत आली असती. वहिनीने कुजबुजत विचारलं, “हेच शिकवतात का तिकडं?” मावशी आईच्या उजव्या खांद्याकडे बघत होती. तो चांगला खांदा, इतकी वर्षं तिने रजेवर पाठवलेला. तो आधी हलला नाही. मग, रागानेच असेल, हलला. कोपर सुटलं. बोटं चादरीवरून सरपटत स्टुलापाशी गेली, पेल्याला लागली, थरथरली. पाणी हिंदकळलं. वहिनी अर्धी उठली. मावशी तिच्याकडे न बघताच म्हणाली, “बस.”

पेला उचलला गेला. अर्धं पाणी आईच्या पोलक्यावर सांडलं, अर्धं तोंडात गेलं. आईने पेला छातीशी धरून ठेवला, ओली, दम लागलेली, आणि लेकीकडे बघत राहिली. मग तोच पेला पुढे करून म्हणाली, “अजून.”

मावशीने मांडीखालचे हात काढले. पेला भरला, आणि पुन्हा वीतभर लांब ठेवला.